शेरीच्या पिंपातली व्हिस्की: पैसे चवीचे की लेबलचे?

अंकुशनगरला वाढलेल्या माणसाला वासांचं शिक्षण फुकटात मिळतं. समर्थ कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रसाचा, मळीचा, बगॅसचा वास वेगवेगळा ओळखता येतो. पांढरी साखर करताना रसात गंधकाचा धूर सोडतात, तोही नाकाला माहीत असतो. माझी पीएचडी पदार्थांचा वास आणि चव मोजण्यावर आहे, त्यामुळे 'शेरी कास्क' लिहिलेली महागडी सिंगल माल्ट घ्यावी का, हा प्रश्न मला वरचेवर येतो. आज तो नीट सोडवू. (महाराष्ट्रात त्यासाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, हे आधीच सांगून ठेवते.)

आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून विकलं जाणारं बरंचसं मद्य मळीच्या अल्कोहोलमध्ये थोडी माल्ट मिसळून केलेलं असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणताच येत नाही. तिथे ती धान्याचीच हवी आणि किमान 3 वर्षं लाकडी पिंपात मुरलेली हवी. सिंगल माल्ट म्हणजे फक्त माल्ट केलेल्या बार्लीची आणि एकाच डिस्टिलरीत बनलेली. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी रंगहीन असते. नंतरची बरीचशी चव लाकूड देतं.

शेरी ही स्पेनमधल्या हेरेझ भागातली वाइन. ती गोडच असते असं अनेकांना वाटतं, पण ओलोरोसो मुळात कोरडी असते, अक्रोडासारख्या चवीची. पेद्रो हिमेनेझ मात्र उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, जवळजवळ काकवीसारखी. पूर्वी शेरी पिंपांतून जहाजाने ब्रिटनला जायची आणि रिकामी पिंपं स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले स्वस्तात घ्यायचे. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असं ठरलं आणि ही पिंपं येणं थांबलं. आज व्हिस्कीसाठी वापरली जाणारी बहुतेक शेरी पिंपं मुद्दाम तयार केलेली असतात: नवं ओकचं पिंप करायचं, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवायची, मग ती काढून पिंप व्हिस्कीवाल्याला विकायचं. यात फसवणूक काही नाही. पण लेबलवरचं जुन्या तळघराचं चित्र पाहून जी गोष्ट डोक्यात तयार होते, ती बाटलीत नसते.

लाकडाची जातही बघायची. युरोपीय ओक टॅनिन जास्त देतो, म्हणून मनुका, लवंग, कडक चहा आठवतो. अमेरिकन ओक नारळ आणि व्हॅनिलाकडे झुकतो. शेरीची पिंपं दोन्हींची असतात. शिवाय व्हिस्की सगळी वर्षं शेरीच्या पिंपात होती, की शेवटचे काही महिनेच, हेही लेबल बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही.

आता वय. कुंकळ्ळीला, गोव्यात, पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांनी ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ पिंपांतल्या माल्टही काढल्या आहेत. तिथल्या उष्णतेत पिंपातून दरवर्षी साधारण 8 टक्के द्रव उडून जातो, स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के. गणित करून बघा. 500 लिटरच्या पिंपात 12 वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे 390 लिटर उरेल, गोव्यात जेमतेम 184. म्हणून आपल्याकडे 12 वर्षं थांबणं परवडत नाही, आणि तितकी गरजही नसते, कारण उष्णतेत लाकडातली चव लवकर उतरते. लेबलवरच्या आकड्यावरून गोव्याची सहा वर्षं आणि स्कॉटलंडची बारा वर्षं यांची तुलना करणं म्हणजे ठेचा आणि लोणचं कोण किती दिवस मुरलं यावर तोलणं.

रंगाचंही तसंच. गडद म्हणजे भरपूर शेरी, असं दुकानदारही सांगतो. पण स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. आणि रंग मेंदूला किती खेचतो, ते बोर्दोतल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं. वाइन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन लाल रंगवून दिली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केलं. किमतीचंही तेच. 2008 च्या एका प्रयोगात तीच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची सांगून दिली, तर 90 ची जास्त आवडली. मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी निगडित भागही जास्त सक्रिय दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच ती जास्त छान लागत होती!

माझ्या चुलतभावाने यावर चांगला मुद्दा काढला: "ताई, मग महाग घेतली तर मजा जास्त येणारच की." बरोबर आहे, फक्त ती मजा लेबल समोर असेपर्यंतच. पण तो उसाच्या बिलातून बाटली घेणार होता ती पिण्यासाठी नाही, 'दोन वर्षांत दुप्पट होते' असं कुणीतरी सांगितलं म्हणून. तिथे मी स्पष्ट नको म्हणाले. एक, व्हिस्की बाटलीत मुरत नाही. पिंपातून निघाली तेव्हा होती तशीच राहते. दोन, परवान्याशिवाय मद्य विकणं आपल्याकडे गुन्हा आहे, मग दुप्पट भावाने विकणार कुणाला? आणि बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो, आयात असेल तर सीमाशुल्कही. त्या पैशाची चव नसते.

पिण्यासाठीच घेणार असाल तर एक चाचणी करा. वर निमुळता होणारा ग्लास घ्या, 15-20 मिलिलिटर पुरे. आधी वास, तोंड किंचित उघडं ठेवून. शब्द आपलेच वापरा: गूळ, चिक्की, खारीक, आमसूल, जायफळ. विझलेल्या काडीचा किंवा फटाक्याचा वास आला तर तो गंधक आहे. पिंपं टिकवायला त्यात गंधक जाळायची पद्धत होती, तिचा तो अवशेष असू शकतो. काहींना आवडतो, मला नाही. मग थेंब-थेंब पाणी घाला. स्वीडनच्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर दाखवलं की, अल्कोहोलचं प्रमाण कमी केलं की धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाजवळ.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या कुणाकडून तीन ग्लास भरून घ्या, दोनांत स्वस्त आणि एकात महाग, किंवा उलट. डोळे झाका, नाहीतर रंगच सांगून टाकेल. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून हे सहा वेळा करा, एका संध्याकाळी नाही, दोन-तीन दिवसांत वाटून. सहापैकी पाच वेळा ओळखलंत तर ते नशिबाने होण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. चार वेळा आलं तर ती शक्यता शंभरात दहा, त्यावर मी पैसे लावणार नाही.

ओळखता आलं म्हणजे फरक आहे, एवढंच सिद्ध झालं. त्या फरकाला किती द्यायचे, तो आकडा डोळे उघडायच्या आधी कागदावर लिहून ठेवा आणि मग दुकानातल्या किमतीशेजारी धरा.