कथाविनोद

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात कल्याणीच्या गादीवर असताना ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात ही नोंद त्यात असल्यामुळे संगीताचे विद्यार्थी त्याचे नाव आदराने घेतात. परंतु राजाच्या करमणुकीचे वीस प्रकार सांगताना सोमेश्वराने गीत, वाद्य आणि नृत्य यांच्या पाठोपाठ कथाविनोद सांगितला आणि अगदी शेवटी चमत्कारविनोद, हे फारसे कोणी सांगत नाही. गाण्याला पाट आणि गोष्टीला उंबऱ्याबाहेर जागा, असा भेद त्या राजाने केला नाही. आमच्या घरात मात्र तो होता.

हे घर बसवकल्याणचे, म्हणजे त्या जुन्या कल्याणीचेच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९४९ साली जहागिऱ्या संपल्या, तोवर ते येथील नवाबांच्या वाड्यात तबल्याच्या साथीला बसत. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकोणीस. माझ्या जन्माच्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते. दरबार केव्हाच गेला होता, परंतु त्याची शिस्त त्यांनी घरात जपून ठेवली होती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना शेजारच्या घरून आणलेली एक झुंजारकथा तबल्याच्या गवसणीत लपवली. ती नेमकी अण्णांच्या हाती लागली. ते एक अक्षर बोलले नाहीत. पुस्तक न्हाणीघरात नेले आणि बंबात घातले. त्या पाण्याने मी अंघोळ केली नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा सत्याग्रह.

झुंजार कोण, हे या पानाच्या जुन्या वाचकांना सांगावयास नको. त्यांच्या नातवंडांसाठी सांगतो. बाबूराव अर्णाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ साली जन्मले आणि १९९६ साली गेले. मुंबईत त्यांचे चष्म्याचे दुकान होते. लोकांची नजर सुधारता सुधारता त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्या वाचून कित्येकांनी आपली नजर बिघडवून घेतली! झुंजार आणि विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची मंडळी मराठी घरांतून पाहुण्यासारखी वावरली. त्यांच्या मागून गोव्याचे गुरुनाथ नाईक आले. त्यांनीही हजाराच्या वर पुस्तके लिहिली; २०२१ साली ते निवर्तले. या पुस्तकांचा कागद हलका, कल्पना पुष्कळदा इंग्रजीवरून घेतलेल्या, माणसे ठराविक साच्याची. विद्वानांनी ठेवलेली ही नावे खोटी नाहीत. परंतु ज्या हातांनी ही पुस्तके उचलली, त्यांतील किती हातांनी त्यावाचून दुसरे कोणते पुस्तक उचलले असते, हा हिशेबही मांडावयास हवा.

हा प्रकार एकट्या मराठीचा नव्हे. अमेरिकेत १८९६ सालापासून ‘आर्गोसी’ हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर निघू लागले. त्या लगद्यावरूनच अशा साहित्याला ‘पल्प’ हे नाव पडले. १९३३ साली त्या कागदावर डॉक सॅव्हेज नावाचा अचाट नायक अवतरला. आता इतक्या वर्षांनी तिकडचे नवे लेखक पुन्हा त्याच काळात शिरून लघुकथा लिहीत आहेत. दोन महायुद्धांच्या दरम्यानची विमाने, धुराने काळवंडलेले कारखाने, अजस्र इंजिने आणि त्यांतून वाट काढणारा एकटा वैमानिक. या प्रकाराला २००१ च्या सुमारास ‘डीझेलपंक’ असे नाव मिळाले. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा काही कथा मोबाईलवर वाचावयास दिल्या. काही आवडल्या. पुष्कळांत मात्र यंत्रांची आलापी इतकी लांबते की बंदिश सुरूच होत नाही. अर्णाळकर पहिल्याच पानावर सम दाखवीत आणि मग ती शेवटपर्यंत हुलकावणी देई. ही विद्या सोपी नव्हे. तबल्यावर तिहाई बांधणाऱ्याला विचारा.

त्या कथांतील आकाशात घुमणारी विमाने वाचताना मला अण्णांची आठवण झाली. कारण सांगतो.

शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. एके दुपारी ते हळूच म्हणाले, “झुंजार कुठे मिळेल का रे?” मी ऐकतच राहिलो. सोलापुरातून दोन जुनी पुस्तके शोधून आणली आणि ज्या घरात एक झुंजार जळला होता, त्याच घरात मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या प्रकरणाला अण्णा म्हणाले, “हे मी वाचलंय. अठ्ठेचाळीस साली. वाड्यात.”

बोलावणे येईपर्यंत साथीदारांना देवडीत तासन् तास थांबावे लागे. तेथे ही पुस्तके हातोहात फिरत. तो १९४८ चा उन्हाळा. मे महिन्यात याच तालुक्यातील गोरट्यात रझाकारांनी हत्याकांड केले होते. पुढे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकॅस्ट्रियन विमानांतून कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रे आणू लागला. ही विमाने बिदर आणि वरंगळ येथे उतरत. याबद्दल त्याला पुढे लंडनच्या कोर्टात दोनशे पौंड दंड झाला. “रात्री घरघर ऐकू यायची,” अण्णा म्हणाले. “कुणाचं विमान ते कुणी विचारायचं नाही. दिवा बारीक करायचा आणि पुढचं पान वाचायचं. त्या पुस्तकात सकाळ झाली की गुन्हेगार पकडलेला असे. बाहेर तसं काही होत नव्हतं.” सप्टेंबरात हिंदी फौजा येईपर्यंत ते असेच वाचीत राहिले.

“मग माझं पुस्तक का जाळलंत?” मी विचारले. पस्तीस वर्षे जपलेला प्रश्न तोंडातून निघून गेला.

“तू बोटांचं पिस्तूल करून अंगणात धावायचास. मला ते बघवलं नाही. सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही.”

पुढे आम्ही दोन्ही पुस्तके वाचून संपवली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले. कल्याणी म्हैसूर राज्यात आली आणि त्याच वर्षी बसवकल्याण झाली. माझ्या वर्गाला येणारी मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नडात शिकतात. कन्नड त्यांना सुरेख येते, याचा मला आनंदच आहे. हिंदीमुळे देवनागरीही येते. परंतु मराठी पुस्तक हाती दिले की चौथ्या ओळीला जांभई. म्हणून शनिवारी शिकवणी संपल्यावर मी अर्णाळकरांचे एक प्रकरण वाचतो आणि ऐन रंगात थांबतो. ज्याला पुढचे हवे, त्याने पुस्तक घरी न्यावे.

मध्यंतरी सातवीतल्या एका मुलीने असे पुस्तक नेले. त्याचे शेवटचे पान फाटलेले होते, हे मी विसरलो होतो. तिने तीन दिवसांनी पुस्तक परत केले, तेव्हा आत वहीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तिने स्वतःच शेवट लिहिला होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ, दोन शब्द सरळ कन्नड. परंतु खुनी कोण हे तिने अचूक ताडले होते आणि झुंजारला पिस्तूल न झाडता पकडावयास लावले होते.

तो कागद मी तसाच राहू दिला आहे. आमच्या घरी आता बंब नाही.