देवयानीचे माहेर

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास उत्तरेकडे उंच पाहा. तेथील देवयानी म्हणजे ग्रीकांची अँड्रोमेडा. आई कॅसिओपियाने रूपाची बढाई मारली, समुद्रदेव कोपला आणि बाप सीफियसने मुलीलाच जलराक्षसापुढे खडकाला जखडले! पर्सियसने तिला सोडविले व वरले.

आपल्याकडे ही मंडळी शर्मिष्ठा, वृषपर्वा आणि ययाति झाली. म्हणजे तिकडची आई इकडे सवत! बारसे करणाऱ्याने गंमतच केली म्हणायची.

देवयानीतील अंधूक ढगासारखी दीर्घिका काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. १९२३ साली हबलने तीत एक ‘सेफीड’ तारा हेरला. सीफियसमधील एका ताऱ्यावरून या जातीला हे नाव पडले. त्यांचे तेज ठराविक काळाने कमीजास्त होते. त्यावरून अंतर काढता येते.

जखडणाऱ्या बापाच्याच नावाच्या ताऱ्याने लेकीचा दूरपणा सांगितला: आजच्या मापाने सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे.