पाण्याच्या पंपाची पुली

शिरूर व दौंड या तालुक्यांतील मुलांस पुली म्हणजे काय हें मुद्दाम सांगावयास नको. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठीं एंजिनानें पाणी उपसतांना, किंवा गांवच्या पिठाच्या गिरणींत, पट्ट्यानें फिरणारें तें चाक त्यांच्या पाहण्यांतलें आहे. मोटारगाडीच्या एंजिनाच्या तोंडाशींही अशींच लहान चाकें असतात. रांजणगांव येथील कारखान्यांत २०१७ मध्यें जीप कंपास ही गाडी तयार होऊं लागली; तेव्हां आपल्यापैकीं कित्येकांस पुढें हाच विषय पोटापाण्याचा होण्याचा संभव आहे. म्हणून त्या चाकांपैकीं एकाचा, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या पुलीचा, येथें विचार करूं.

एंजिनांत तेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानानें तिसरा हिस्साच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेलीपैकीं बहुतेक पाण्यानें वाहून न्यावयाची असते. पंप हें पाणी एंजिनाच्या पोकळ भिंतींतून खेळवून रेडिएटरांत आणतो, व तेथें तें वाऱ्यानें निवतें. झांकण घट्ट असल्यामुळें आंत दाब राहतो, आणि पाणी १०० अंशांस न उकळतां सुमारें १२० अंशांपर्यंत तग धरतें. पंप थांबला कीं थोड्याच मिनिटांत एंजिन तापतें, त्याचें हेड वांकतें, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टन जागच्या जागीं धरून बसतात. वैशाखांत शिरूरहून न्हावरे व चौफुला या मार्गानें दौंडाकडे निघालेल्या गाडीवर असा प्रसंग आला, तर एका लहान चाकापायीं सबंध एंजिन गमवावें लागतें.

सुपरचार्जर बसविलेल्या वेगवान गाडींत हा धोका अधिक असतो. एंजिन जितकी हवा आंत घेईल, तितकेंच तेल तें जाळूं शकतें. सुपरचार्जर हवा दाबून आंत भरतो. त्यामुळें अधिक तेल जळतें, शक्ति वाढते आणि त्याबरोबर उष्णताही वाढते. बेंटले गाडीच्या सुप्रसिद्ध ‘ब्लोअर’ प्रकारांत हें यंत्र एंजिनाच्या पुढेंच बसवून मुख्य दांड्यानें थेट फिरविलें होतें. पुढील काळांतील पुष्कळ गाड्यांत मात्र तें पट्ट्यानें फिरतें, आणि कांहीं गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. सुपरचार्जर ओढावयास जोर लागतो म्हणून पट्टा अधिक ताणावा लागतो, आणि तो ताण पंपाच्या बेअरिंगास सोसावा लागतो.

आतां थोडें गणित करूं. मुख्य दांड्याची पुली ६ इंच व्यासाची आणि पंपाची ४ इंच व्यासाची असली, तर एंजिनाचे मिनिटास ६,००० फेरे होतांना पंपाचे ९,००० होतात, म्हणजे सेकंदास १५०. एवढ्या वेगांत केसाएवढा वांकडेपणाही हादरा उत्पन्न करतो. म्हणूनच तडकलेली पुली झाळून पुन्हां बसवूं नये. तिचा तोल गेलेला असतो.

पुली बिघडल्याचीं चिन्हें पुढीलप्रमाणें असतात. पट्टा किंचाळतो किंवा त्याच्या कडा झिजतात. चाक डुलतांना दिसतें. पंपाच्या खालच्या बारीक भोंकाशीं पाण्याचा डाग पडतो. हीं चिन्हें दिसलीं म्हणजे नवी पुली आणून बसवावी असें मनांत येतें. परंतु पुष्कळदां पुली निर्दोष असून आंतील बेअरिंग झिजलेलें असतें. तेव्हां आधीं कारण शोधावें, मग पाना हातीं घ्यावा.

दुरुस्तीचा क्रम असा. एंजिन पूर्ण निवूं द्यावें. तापलेलें झांकण उघडल्यास उकळतें पाणी तोंडावर उसळतें. बॅटरीची ऋण तार सोडावी. पट्टा कोणत्या चाकावरून कसा गेला आहे, याची आकृति कागदावर काढून ठेवावी. पुली बोल्टांनीं बसविलेली असल्यास पट्टा ताणलेला असतांनाच बोल्ट थोडे सैल करावे, म्हणजे चाक हातांत फिरत नाहीं. मग पट्टा काढून प्रत्येक चाक हातानें फिरवून व हलवून पाहावें. पंपाचा आंस खडखडला, तर पंपच बदलावा. जुनें पॅकिंग खरवडून नवें घालावें. केवळ बोल्ट सैल झाले असतील, तर त्यांचीं भोंकें लांबट झालीं नाहींत ना, हें पाहावें. बोल्ट एकानंतर समोरचा दुसरा, असे क्रमानें आवळावे. पुल्यांच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें ताडून पाहावें. शेवटीं गाडीस योग्य तें कूलंट भरून आंतील हवा काढावी, आणि एंजिन चालू करून उष्णतामापकावर नजर ठेवावी.

शेतावरच्या एंजिनासही यांतील पुष्कळ नियम लागू पडतात. तेथेंही पट्टा वारंवार उतरत असेल, तर तो नुसता अधिक ताणून भागत नाहीं; पुल्या एका रेषेंत आणाव्या लागतात. फाजील ताणानें बेअरिंग जातें, आणि उभें पीक सुकत असतां एंजिन बंद पडतें. एक सावधगिरी मात्र सर्वांत महत्त्वाची आहे. फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा मोकळे केस जाऊं देऊं नयेत, आणि चालू एंजिनाच्या पट्ट्यास हात लावूं नये. बिघडलेला पंप बदलतां येतो. गेलेलें बोट परत मिळत नाहीं.