बालकाचे वाढलेले यकृत आणि ताम्रयुक्त कल्प

मुलाचे पोट मोठे दिसते, भूक मंदावली आहे, बारीक ताप राहतो, स्वभाव चिडचिडा झाला आहे, अशी तक्रार घेऊन माता बालकास वैद्याकडे आणते. उदरपरीक्षणात उजव्या बरगडीखाली यकृत हातास लागते. अशा वेळी आपल्यापैकी अनेकांची लेखणी ज्या कल्पाकडे प्रथम वळते, तो म्हणजे आरोग्यवर्धिनी. प्रौढांच्या यकृद्विकारात या कल्पाची उपयुक्तता आपण सारेच मानतो, आम्हीही मानतो. परंतु क्षीराद व क्षीरान्नाद अवस्थेतील बालकास हा कल्प देण्यापूर्वी त्यातील एका घटकाचा स्वतंत्र विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. तो घटक म्हणजे ताम्रभस्म.

रसरत्नसमुच्चयातील पाठानुसार आरोग्यवर्धिनीत पारद, गंधक, लोह, अभ्रक व ताम्र हे प्रत्येकी एक भाग असतात. पुढे त्रिफळा, शिलाजतु, गुग्गुळ, चित्रक येतात आणि या सर्वांइतकी कुटकी असते. म्हणजे वजनाने पाहता कल्पाचा निम्मा भाग कुटकीच आहे व ताम्राचे प्रमाण अल्प आहे. मात्र ज्या यकृतात आधीच ताम्र साठले आहे, तेथे अल्प मात्राही हिशेबात घ्यावी लागते.

ताम्र साठल्यामुळे बालकाचे यकृत कसे नष्ट होते, याचा अभ्यास ज्या ठिकाणी झाला त्यांत पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘मुलाला लिव्हर झाले’ असे घरोघरी म्हटले जाई तो बालयकृद्विकार, म्हणजे आधुनिकांचा इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, १८८७ साली कलकत्त्याच्या सेन यांनी प्रथम नोंदविला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, विशेषतः एक ते तीन वर्षांच्या बालकांत तो आढळे. यकृत कठीण, त्याची कडा धारदार, पुढे कामला व जलोदर, आणि बहुतेकांचा काही महिन्यांतच अंत, असा त्याचा क्रम असे. एका घरातील दोन-तीन भावंडे एकामागून एक दगावल्याची उदाहरणेही होती. त्यामुळे शाप, दृष्ट येथपासून आनुवंशिकतेपर्यंत अनेक कारणे सांगितली गेली.

१९७९ साली टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या यकृतात ताम्राचे प्रमाण अतिशय वाढलेले असल्याचे दाखविले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क ऊतीत ताम्र साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या बालकांत ते बहुधा कित्येक शतांच्या, पुष्कळदा हजाराच्या घरात होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी टॅनर यांच्यासमवेत रुग्णांच्या आहाराचा इतिहास निरोगी बालकांच्या आहाराशी ताडून पाहिला. मातेचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू करणे व ते दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापविणे वा साठविणे, हे सूत्र त्यातून हाती लागले. धातूतून सुटलेले ताम्र दुधातील केसीन या प्रथिनास चिकटते आणि दुधाबरोबर पोटात जाते. भांड्यास चांगली कल्हई असेल तर दूध व धातू यांच्यामध्ये कथिलाचा थर राहतो. कल्हई झिजली, कल्हईवाला वेळेवर फिरकला नाही, की तो आधार जातो. ताक कळकलेले गृहिणीच्या जिभेस तत्काळ समजे, दुधात उतरलेले ताम्र मात्र समजत नसे.

हा सिद्धांत सर्वांनी एकमुखाने मान्य केला असे नाही. काही रुग्णांत पितळी भांड्याचा इतिहास मिळाला नाही, आणि तेच भांडे वापरणाऱ्या सर्वच घरांत व्याधी झाला नाही. म्हणजे बीजदोषही असावा. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके याच स्वरूपाच्या व्याधीने मृत्यू पावली. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापविले जाई, आणि तेथील अभ्यासकांनीही भांडे व बीजदोष असे दुहेरी कारण मानले. भांडी बदलली आणि व्याधी थांबला. आपल्याकडेही स्टेनलेस स्टील घरोघरी आल्यावर हा व्याधी झपाट्याने विरळ झाला. निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, याचे इतके स्वच्छ उदाहरण अलीकडच्या वैद्यकात क्वचितच सापडेल.

येथे एक शंका उपस्थित होईल. सुश्रुताने अन्नपानविधीत तापवून थंड केलेले दूध ताम्रपात्रात द्यावे असे म्हटले आहे, त्याचे काय? आमच्या मते तो निर्देश दूध वाढण्याच्या पात्राचा आहे. त्यातून ताम्रपात्रात तासन्‌तास दूध ठेवणे वा अर्भकाचे पोषण करणे सिद्ध होत नाही. उलट धर्मशास्त्राच्या परंपरेत तूप वगळता अन्य गोरस ताम्रपात्रात ठेवल्यास मद्यसमान मानला आहे. रसशास्त्राने तर अशुद्ध ताम्राचे आठ दोष सांगून त्यास विषाहून भयंकर म्हटले, आणि भस्म दह्यात घोटून हिरवेपणा न आला तरच ग्राह्य मानले. ताम्राविषयी आपल्या पूर्वाचार्यांइतकी सावधता दुसऱ्या कोणी बाळगली असेल असे वाटत नाही.

बालयकृद्विकार विरळ झाला, मग ही चर्चा आज कशासाठी? कारण ताम्र शरीरातून मुख्यत्वे पित्तावाटे बाहेर पडते. पित्ताचा मार्ग कोणत्याही कारणाने अडला तर ताम्र यकृतातच राहते. दुसरे असे की, विल्सनचा व्याधी हा ताम्रसंचयाचा आनुवंशिक विकार आजही आहे तसाच आहे. तो बहुधा पाच वर्षांनंतर दिसू लागतो. पुनःपुन्हा होणारी कामला, अकारण यकृतवृद्धी, बदललेले अक्षर, अडखळणारी वाणी, घसरलेला अभ्यास, अशा रूपांत तो येतो. त्याची चिकित्सा ताम्र बाहेर काढण्याची व आहारातील ताम्र रोखण्याची आहे. अशा मुलास ‘यकृताचे औषध’ म्हणून ताम्रयुक्त कल्प देणे हे हेतूच्या नेमके विरुद्ध होय. यकृद्दाल्युदरात कुटकी, शरपुंखा, भूम्यामलकी, पुनर्नवा यांचा विचार करण्यास वाव असताना निदान निश्चित होईपर्यंत ताम्र टाळल्याने वैद्याचे हात बांधले जात नाहीत.

औषधालयाच्या चालकांनाही यात स्थान आहे. आरोग्यवर्धिनीप्रमाणेच यकृदरि लोह व सूतशेखर यांच्या पाठात ताम्रभस्म आहे, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतेच असे नाही. ‘मुलाला लिव्हरची गोळी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास बालकाचे वय विचारावे आणि चिठ्ठीविना हे कल्प देऊ नयेत. अलीकडे पितळी पातेल्यांची व तांब्याच्या बाटल्यांची विक्री काही औषधालयांतूनही होते. प्रौढाने तांब्यातील साधे पाणी पिणे हा वेगळा विषय आहे. बाटलीच्या दुधावरील बालकाची पावडर त्या पाण्यात कालवू नये, एवढे विकताना सांगावे. जर्मनीत विहिरीचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळांतून येऊन त्यात कालविलेल्या दुधाने अर्भकांची यकृते बिघडल्याच्या नोंदी आहेत.

भांड्याच्या प्रश्नाबरोबर मातेस आणखी एक प्रश्न विचारावा : बाळाच्या शीचा रंग कोणता? चरकाने शाखाश्रित कामलेत तिळाच्या पिठीसारखा मल सांगितला आहे. प्रौढात या लक्षणावर आपण कटु-तीक्ष्ण चिकित्सेचा विचार करतो. नवजातात मात्र त्याचा अर्थ पित्तवाहिन्याच बुजल्या आहेत असा असू शकतो, आणि तेथे कोणताही काढा वा गुटी मार्ग उघडू शकत नाही. जपानच्या कसाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया हाच तेथे उपाय आहे, आणि तिचे यश बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी ती झाल्यास अधिक असते. जन्मानंतर चौदा दिवस उलटूनही डोळे पिवळे असतील व शी पांढुरकी असेल, तर ‘आठ दिवस औषध देऊन पाहू’ असे म्हणण्यास अवकाश नाही. शीचा लंगोट प्रत्यक्ष उजेडात पाहावा, रक्तातील बिलिरुबिनचे दोन्ही अंश तपासून घ्यावेत आणि त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकाच्या नावे चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर बाळाचे वय महिन्यांत न लिहिता दिवसांत लिहावे.