एकोणचाळीस आकड्यांची संख्या

बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने ठेवीत गेले की राजाची कोठारे रिती होतात! पण प्रत्येक घराअखेर बेरीज करून पाहा बरे : १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७. यांतल्या ३, ७, ३१ आणि १२७ या मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही.

आता पट १२७ घरांचा आहे असे समजा. बेरीज होते : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. ही मूळ आहे काय? पॅरिसच्या मठातील मर्सेन या विद्वानाने १६४४ साली ‘आहे’ असे सांगून टाकले. पुरावा दिला नाही. वर्गमुळापर्यंतची एकेक संख्या घेऊन सेकंदाला एक भागाकार केला, तरी चाळीस हजार कोटी वर्षे पुरायची नाहीत!

१८७६ साली एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हा प्रश्न भागाकारांवाचून सोडवला. (चकत्यांचा ‘टॉवर ऑफ हनोई’ हा खेळही त्याचाच; त्यातल्या कमीत कमी चालींची संख्या म्हणजे पुन्हा हीच बेरीज.) त्याची रीत सात घरांच्या १२७ वर करून पाहू. ३ घ्या. वर्ग करा, २ वजा करा : ७. पुन्हा तेच : ४७. पुन्हा : २२०७, याला १२७ ने भागून बाकी ४८. आता बाकीच पुढे घ्यायची. ४८ वरून २३०२, बाकी १६. १६ वरून २५४, आणि बाकी शून्य! घरे सात, म्हणून दोन कमी, पाचव्या खेपेस शून्य आले. १२७ मूळ ठरली. ही रीत असे का सांगते, ते सिद्ध करणे आम्हा मराठीच्या मास्तरांचे काम नव्हे. पण ताळा कोणीही घ्यावा. १२७ घरांसाठी मात्र सव्वाशे खेपा, त्याही एकोणचाळीस आकड्यांच्या. त्या काळी यंत्राची मदत कुठली!

मर्सेनच्या यादीत ६७ घरांची बेरीजही होती. ती मूळ नाही, हे ल्युकाने त्याच वर्षी दाखवले. परंतु तिला भाग कशाने जातो ते त्याला सांगता येईना. घरात चोर आहे हे सिद्ध, चोर कोण ते गुलदस्त्यात! तो १९०३ साली अमेरिकेत फ्रँक कोल याने पकडला : १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. मला स्वतःला चोर पकडण्यापेक्षा, तो न दिसता ओळखणे अधिक मोलाचे वाटते.

ल्युकाच्या संख्येचा विक्रम १९५१ पर्यंत, पाऊणशे वर्षे, टिकला. पुढे संगणक आले. २०२४ साली १३,६२,७९,८४१ घरांची बेरीज मूळ ठरली. तिचे आकडे ४,१०,२४,३२०. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले ते ल्युकाच्याच रीतीच्या सुधारलेल्या रूपाने.

आणखी एक मौज. दोन घरांची बेरीज ३, तीन घरांची ७, सात घरांची १२७, आणि १२७ घरांची आपली ही संख्या. साऱ्या मूळ! मग तितक्याच घरांचा पट घेतला तर? ती बेरीज मूळ आहे की नाही, हे आजवर कोणालाही ठरवता आलेले नाही. ती लिहून काढणेही शक्य नाही. तिच्यात आकडे किती, हे सांगायलाच अडतीस आकडे लागतात.