गामा पहिलवान
(सु. १८७८–२३ मे १९६०). भारतीय उपखंडातील जगप्रसिद्ध व्यावसायिक मल्ल. मूळ नाव गुलाम महंमद बक्ष. वंशाने काश्मिरी मुसलमान. वडील महंमद अजीज हे दतिया संस्थानच्या पदरी मल्ल होते. त्यांच्या अकाली निधनानंतर आजोबा नून पहिलवान आणि मामा ईदा पहिलवान यांनी गामास कुस्तीचे शिक्षण दिले. वयाच्या सु. दहाव्या वर्षी जोधपूरच्या महाराजांनी भरविलेल्या बैठकांच्या स्पर्धेत अनेक नामवंत मल्लांसमोर तो अखेरच्या काही जणांपर्यंत टिकून राहिला व महाराजांनी त्यास विजयी घोषित केले. पुढे दतियाच्या राजाने त्याच्या खुराकाची व मेहनतीची व्यवस्था केली.

१९१० मध्ये गामा आपला धाकटा भाऊ इमाम बक्ष याच्यासह लंडनला गेला. उंची सु. १७० सेंमी. असल्याने त्याला तेथील स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्याने पाश्चात्त्य मल्लांना जाहीर आव्हान दिले. अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलर याला त्याने सहज हरविले. सप्टेंबरमध्ये पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झबिस्को याच्याशी झालेली त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालली. झबिस्को बहुतेक वेळ पोटावर पडून जमिनीस बिलगून राहिला. पालथ्या पडलेल्या वजनदार मल्लाला उलथविणे गामास कठीण गेले व कुस्ती बरोबरीत सुटली. ठरलेल्या फेरलढतीस झबिस्को हजर राहिला नाही. त्यामुळे गामा विजयी ठरून त्यास ‘जॉन बुल’ पट्टा मिळाला. परकीय सत्तेखालील भारतीयांना हा विजय केवळ क्रीडाक्षेत्रातील न वाटता राष्ट्रीय स्वाभिमानाचा वाटला.

मायदेशी परतल्यावर अलाहाबाद येथे त्याने आपला बलाढ्य प्रतिस्पर्धी रहीम बक्ष सुलतानीवाला याला हरवून ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळविला. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे झबिस्को पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला; या वेळी गामाने त्यास एका मिनिटाच्या आत चीत केले.

गामाचे यश हे रोजचे हजारो जोर-बैठका, मातीतील सराव, नियमित खुराक व कडक दिनचर्या यांचे फळ होते. मात्र असा खर्चिक व्यवसाय संस्थानिकांच्या आश्रयावरच टिकून होता. १९४७ च्या फाळणीनंतर गामा पाकिस्तानात राहिला. संस्थाने विलीन होताच हा आश्रय संपुष्टात आला आणि जगज्जेत्या मल्लाची अखेरची वर्षे आजारपणात व आर्थिक विवंचनेत गेली. इमाम बक्षचा मुलगा भोलू याने घराण्याची मल्लपरंपरा पुढे चालविली. गामाचे लाहोर येथे निधन झाले.