विस्कटलेली घडी

इटलीतल्या एका प्रयोगशाळेत जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथी तपासत होते. कुणीतरी उष्मपेटीचं तापमान वाढवून ठेवलं आणि गुणसूत्रांवर कधी न पाहिलेले फुगवटे उमटले. फुगवटा म्हणजे तिथली जनुकं कामाला लागल्याची खूण. एका नामांकित नियतकालिकाने हा शोध महत्त्वाचा नाही म्हणून परत पाठवला. अखेर तो १९६२ साली ‘एक्स्पेरिएन्शिया’त छापून आला.

ती जनुकं घडवतात काय, हे १९७४ साली अल्फ्रेड तिसिएर आणि सहकाऱ्यांना दिसलं: हीट शॉक प्रथिनं. प्रथिनाची साखळी योग्य घडीत बसली तरच ते काम करतं. उष्णतेने ती घडी विस्कटते. ही प्रथिनं ती सावरतात आणि बाजूला होतात. ताण नसतानाही पेशीतल्या एकूण प्रथिनांपैकी १ ते २ टक्के वाटा त्यांतल्या एकट्या एचएसपी-९० या प्रथिनाचा असतो.

कर्करोगाच्या पेशीला तर ताण रोजचाच. प्राणवायू अपुरा, जनुकांत बिघाड, प्रथिनं अर्धवट घडीची. इतकं सोसून ती जगते कशी? उत्तराचा धागा एका द्रव्यातून हाती आला. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं जेल्डानामायसिन हे द्रव्य ‘सार्क’ या कर्करोगकारक प्रथिनालाच रोखतं, असा समज होता. १९९४ साली ल्यूक व्हाइटसेल आणि लेन नेकर्स यांनी दाखवलं, की ते धरतं एचएसपी-९०ला. आधार सुटला की सार्कही कोलमडतं. २००७ साली सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाला आढळलं, की हीट शॉक प्रथिनांची जनुकं जागी करणारं एचएसएफ-१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये गाठी कमी होतात. आपल्या पेशींचं हे कवच रोगानेच अंगावर चढवलं होतं.

मग एचएसपी-९० रोखणारी औषधं एकामागून एक रुग्णांपर्यंत गेली, पण बहुतेकांनी निराशा केली. निरोगी पेशींनाही त्यांची झळ बसे, आणि एचएसपी-९० अडवलं की पेशी एचएसपी-७० हे दुसरं हीट शॉक प्रथिन वाढवून स्वतःला सावरून घेई.

२०१६ साली गॅब्रिएला किओसिस यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये वेगळा मुद्दा मांडला. निरोगी पेशीत हीट शॉक प्रथिनं क्षणभर जवळ येतात आणि सुटतात. तपासलेल्या निम्म्याहून अधिक कर्करोगांमध्ये मात्र ती एकमेकांना घट्ट धरून बसलेली होती. या जाळ्याला नाव मिळालं ‘एपिशॅपरोम’. त्यामुळे इतर प्रथिनांची नातीही बदलतात आणि पेशी ताणात तगून राहते. पण ज्या गाठी या जाळ्यावर अधिक विसंबून, त्याच एचएसपी-९० रोखल्यावर लवकर मरतात.

२०२२ साली जपानने पिमिटेस्पिब या एचएसपी-९०रोधकाला पचनमार्गातल्या एका दुर्मीळ गाठीसाठी मान्यता दिली. रितोसांच्या शोधानंतर साठ वर्षांनी मिळालेलं हे यश छोटं आहे, पण मला ते मोलाचं वाटतं. कोणतं प्रथिन वाढलं, एवढंच आपण फार काळ विचारत राहिलो. ते कुणाला धरून आहे, हा प्रश्न आता प्रत्येक गाठीला विचारायला हवा.